पट्टा आधी मोजा, नोझल मग धुवा: अडीच मीटर हायब्रिड यूव्ही मशीन, बँडिंगच्या कसोटीवर

हायब्रिड म्हणजे ताठ शीट आणि रोल दोन्ही छापणारं, यूव्ही म्हणजे शाई अतिनील प्रकाशाने लगेच पक्की करणारं मशीन. अडीच मीटर रुंदी, बेल्ट-फीड (माल बेल्टवरून पुढे सरकतो), रिको जेन-५ चे चार हेड (दोघांत चार रंग, दोघांत पांढरी शाई; हेडच्या तळाला थेंब सोडणारी बारीक छिद्रं म्हणजे नोझल), हे हेड घेऊन डावी-उजवीकडे धावणाऱ्या कॅरेजच्या दोन्ही बाजूंना शाई पक्की करणारे एलईडी दिवे. सकाळी सनबोर्ड (प्लास्टिकचं फोमशीट), दुपारी अ‍ॅक्रिलिक आणि रात्री बॅकलिट फ्लेक्सचा रोल, सगळं एकाच मशीनवर निघतं, म्हणून साइनबोर्डच्या धंद्यातला माणूस या जातीकडे वळतो. इंदुरात सांवेर रोडला किंवा पोलोग्राउंडच्या एखाद्या शेडमध्ये असं मशीन बसवायचा विचार असेल, तर हे परीक्षण तुमच्यासाठी आहे. हाच सांगाडा आणि हेच सर्किट बोर्ड वेगवेगळ्या स्टिकरखाली विकले जातात, त्यामुळे नावापेक्षा जातीबद्दल लिहिलेलं बरं. कसोटी एकच ठेवली आहे: बँडिंग, म्हणजे सपाट रंगात ठरावीक अंतराने उठणारे नको असलेले पट्टे. वेग आणि रंग डेमोत चांगलेच दिसतात. बोर्ड परत येतो तो पट्ट्यांमुळे.

निकाल आधीच सांगतो: मशीन घेण्यासारखं आहे. सांगाडा भक्कम आहे, प्रत्येक हेडचं तापमान स्क्रीनवर वेगळं दिसतं, स्टेपची (बेल्ट दर वेळी जेवढा सरकतो त्या अंतराची) बारीक दुरुस्ती छपाई चालू असताना करता येते, आणि डाव्या-उजव्या दिव्याची पॉवर स्वतंत्र ठेवता येते. पट्ट्याचं मूळ शोधताना या चार सोयी हाताशी असल्या की निम्मं काम होतं. उणिवाही आहेत. स्टॅटिक घालवणारा आयोनायझर बार मूळ किमतीत मिळत नाही. एन्कोडरची पट्टी, म्हणजे कॅरेज कुठे आहे ते सेन्सर जिच्यावरच्या रेघा मोजून ओळखतो ती, उघडी आहे. दिव्याची पॉवर फक्त टक्क्यांत दिसते, प्रत्यक्ष किती प्रकाश पडतोय ते कळत नाही. आणि सोबतच्या पुस्तिकेत बँडिंगवर जे पान आहे त्यात ‘हेड क्लीन करा’ यापुढे काहीच नाही. या सगळ्यांत ते पानच महाग पडतं. पट्टा दिसला की हेड धुवायचं, अशी सवय ऑपरेटरला लागली की शाई वाया जाते, वायपर झिजतो, घासून घासून चांगले नोझलही वाकडे मारायला लागतात, आणि पट्टा जागच्या जागी राहतो.

पट्ट्यांमधलं अंतर हाच पट्ट्याचा पत्ता आहे. चारही रंगांच्या ५० टक्के छटेच्या चार पट्ट्या शेजारी शेजारी, प्रत्येकी १० सेंटिमीटर रुंद आणि १ मीटर लांब, अशी एक फाइल करून ठेवा. ती ८ पासवर काढा, म्हणजे प्रत्येक भाग कॅरेजच्या आठ फेऱ्यांत पूर्ण होईल अशी. स्टीलची पट्टी लावा, सलग अकरा रेघा धरून पहिलीपासून अकरावीपर्यंतचं अंतर मोजा आणि दहाने भागा. जेन-५ हेडची छपाईची उंची सुमारे ५४ मिलिमीटर. ८ पासवर बेल्ट दर वेळी तिचा आठवा भाग, म्हणजे पावणेसात मिलिमीटर सरकतो; ६ पासवर ९, ४ पासवर साडेतेरा.

८ पासवर अंतर पावणेसात आलं आणि रेघ चारही रंगांत एकाच ओळीत असेल, तर स्टेप चुकली आहे. अंतर तेच, पण रेघ एकाच रंगात असेल, तर त्या रंगाचा नोझल किंवा त्याची शाईची वाट. इथे एक खूण उपयोगी पडते. एका हेडमध्ये दोन रंग बसतात. त्या जोडीतले दोन्ही रंग बिघडले असतील तर हेडचा तिरकेपणा, तापमान किंवा व्होल्टेज बघा. एकच बिघडला असेल तर फिल्टर, डॅम्पर (शाईचे धक्के शोषणारी हेडजवळची छोटी डबी), पंप. अंतर बरोबर दुप्पट, साडेतेरा आलं, तर कॅरेजच्या जाण्यात आणि येण्यात फरक आहे. मग दिवे आणि बाय-डायरेक्शनची जुळणी (जाताना आणि येताना थेंब एकाच जागी पडतात का) तपासायची. आणि रेघा वीतभर किंवा हातभर अंतरावर पडत असतील, पास बदलूनही ते अंतर बदलत नसेल, तर छपाईचा काही संबंध नाही: बेल्टचा जोड, बेल्टखाली चिकटलेली शाईची खपली, नाहीतर रोलर. रोलरचा व्यास मोजा, ३.१४ ने गुणा. उत्तर रेघांच्या अंतराशी जुळलं की शोध संपला.

पट्ट्याची दिशाही ध्यानात ठेवावी. वर सांगितलेले सगळे पट्टे कॅरेज ज्या दिशेने धावते त्या दिशेने पडतात. पट्टे उभे असतील, म्हणजे माल ज्या दिशेने पुढे जातो त्या दिशेने, आणि प्रत्येक प्रिंटवर त्याच जागी, तर एन्कोडर किंवा रेल. शाईची धूळ पट्टीवर बसली की सेन्सर मोजणी चुकतो. पट्टी लिंट न सोडणाऱ्या कापडाने, डिस्टिल्ड वॉटरमध्ये जेमतेम ओलसर करून, हलक्या हाताने पुसायची. सॉल्व्हंट लावू नका, छापील पट्टीवरच्या रेघाच निघून येतील. या मशीनमध्ये पट्टीला झाकण नाही, तेव्हा हे काम आठवड्याला एकदा धरून चाला.

आता स्टेप. पांढरी रेघ म्हणजे बेल्ट जास्त सरकतोय, गडद रेघ म्हणजे कमी. डोळ्याने अंदाज बांधत बटणं दाबण्यापेक्षा मोजमाप सोपं आहे. १ मीटर अंतरावर दोन फुल्या छापा आणि स्टीलच्या टेपने मोजा. ८ पासवर १ मीटरमध्ये साधारण १४८ स्टेप येतात. फुल्यांमधलं अंतर ९९८.५ मिमी भरलं, म्हणजे दर स्टेपला १० मायक्रॉन कमी पडले. ६०० डीपीआयच्या दोन ओळींत ४२ मायक्रॉनचं अंतर असतं. त्यातले १० इकडे-तिकडे झाले की सपाट करड्या रंगात गडद रेघा उठतात. १००० ला ९९८.५ ने भागून जो १.००१५ येतो, तेवढ्याने स्टेप वाढवायची, म्हणजे ०.१५ टक्के. या मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये ती चालू कामात वाढवता येते, आणि पुढच्या वीतभरात फरक दिसतो. ही सोय खरोखर चांगली दिली आहे.

मात्र हे मोजमाप फेदरिंग बंद ठेवून करायचं. फेदरिंग पासच्या कडा एकमेकींत मिसळून रेघ झाकतं, चूक दुरुस्त करत नाही. डेमोत फेदरिंग पूर्ण चढवलेलं असतं म्हणून सगळं गुळगुळीत दिसतं. आणि स्टेप प्रत्येक मालाची वेगळी जतन करावी. ३ मिमीचा हलका सनबोर्ड आणि ८ मिमीचं अ‍ॅक्रिलिक बेल्टवर सारखे बसत नाहीत. लहान तुकडा छापताना व्हॅक्यूमची उघडी भोकं टाकाऊ व्हिनाइलने झाकली नाहीत तर पकड सुटते आणि शीट केसभर घसरते. ती चूक कुठल्याच आकड्याने सुधारत नाही.

नोझलकडे येऊ. नोझल चेक खडबडीत फोमशीटवर काढण्यात अर्थ नाही. पांढऱ्या चकचकीत व्हिनाइलवर काढा. पिवळ्या रेघा पांढऱ्यावर दिसत नाहीत म्हणून ऑपरेटर पिवळा ‘ठीक आहे’ म्हणून सोडून देतो. निळ्या एलईडी टॉर्चखाली धरा, त्याच रेघा काळ्याशार उठून दिसतील. मग सराफ वापरतात तसा १० पट लूप घेऊन बघा. रेघ गायब आहे की शेजारणीवर कललेली आहे? गायब म्हणजे बंद. कललेली म्हणजे थेंब येतोय पण वाकडा पडतोय, नोझलच्या तोंडाशी अर्धवट सुकलेला शाईचा कण आहे. बंद नोझलसाठी सॉफ्टवेअरमध्ये भरपाई आहे, वाकड्यासाठी नाही, म्हणून वाकडा जास्त त्रास देतो. त्यावर उपाय: शाईवाल्याच्याच फ्लशमध्ये भिजवलेला फोम स्वॅब, नोझलच्या ओळीच्या दिशेने एकदाच, न दाबता. पुढे-मागे घासायचं नाही, आणि तोच स्वॅब दुसऱ्या रंगाला लावायचा नाही.

सगळ्यात जास्त फसवतो तो शाईचा तुटवडा. सकाळचा नोझल चेक शंभर टक्के, आणि गडद पार्श्वभूमीचा बोर्ड लावला की ३०–४० सेंटिमीटरनंतर पट्टे सुरू. हेड धुतलं की बरं, पुन्हा तेच. परीक्षा अशी: एका रंगाची १०० टक्के भरणी १ मीटर काढा आणि सफाई न करता लगेच नोझल चेक घ्या. पुंजक्याने नोझल गेलेले दिसतील. पाच मिनिटं काही न करता थांबा, पुन्हा चेक घ्या. आपोआप परत आले, तर नोझल चोंदलेले नाहीत, उपाशी आहेत. मग फिल्टर बदला, डॅम्परमध्ये हवा आहे का बघा, दुय्यम टाकीचा फ्लोट अडकलाय का तपासा, आणि शेवटी निगेटिव्ह प्रेशर, म्हणजे शाई नोझलमधून गळू नये म्हणून तिला आत धरून ठेवणारी खेच. खेच जास्त असेल तर नोझलमधून हवा आत जाते. कमी असेल तर नोझल प्लेटवर, म्हणजे हेडच्या तळाच्या पत्र्यावर, शाई साचते आणि थेंब वाकडे जातात. खेच हळूहळू कमी करत न्या. प्लेटवर शाईचे मणी दिसायला लागले तो आकडा लिहा. मग वाढवत न्या. नोझल तुटायला लागले तो दुसरा. दोघांच्या मधोमध ठेवा. पांढरी शाई टायटॅनियम डायऑक्साइडमुळे जड असते, तिचा आकडा वेगळाच येतो. या मशीनला रंगासाठी आणि पांढऱ्यासाठी दोन वेगळे प्रेशर कंट्रोलर आहेत, ही जमेची बाजू. एकाच कंट्रोलरवर दोन्ही चालवणारं स्वस्त मॉडेल कोणी दाखवलं तर घेऊ नका. पांढऱ्याचं अभिसरण रात्रीही चालू राहिलं पाहिजे, कारण रंगद्रव्य तळाला बसलं की पांढऱ्यात पट्टे येणारच.

तापमान आणि शाईचा पातळपणा हातात हात घालून चालतात. जेन-५ ला थेंब नीट सुटायला शाई १० ते १२ सेंटिपॉइजच्या (दाटपणाचं माप) आसपास हवी, आणि यूव्ही शाई तेवढी पातळ होते हेड ४०–४५ अंशांवर तापल्यावर. जानेवारीत इंदूरची सकाळ १० अंशांवर असते. मशीन सुरू करून दहाव्या मिनिटाला छपाई लावली की स्क्रीनवर हेड तापलेलं दिसतं, पण टाकीतून येणारी शाई थंडच असते. अर्धा तास द्या. स्क्रीनवर एखादं हेड इतरांपेक्षा दोन-तीन अंश खाली दिसत राहिलं तर त्याच हेडच्या दोन रंगांत छटा बदलते; हीटर किंवा त्याची वायर तपासा.

दिव्यांमुळे पडणारा पट्टा यूव्हीची खास देणगी आहे, आणि सॉल्व्हंट मशीनवर वर्षं काढलेल्या ऑपरेटरला तो ओळखूच येत नाही, कारण त्यात रंग कमी-जास्त नसतो. भरीव काळा छापलेला बोर्ड समोरून बघा, एकसारखा काळा. ट्यूबलाइटखाली तिरका धरा: एक पट्टा चकचकीत, पुढचा मंद, पुन्हा चकचकीत. बोट फिरवलं तर कड लागते. अंतर मोजलं तर स्टेपच्या दुप्पट. कारण सरळ आहे. शाईचा थेंब पडल्यावर त्याला पसरायला जितका वेळ मिळेल तितका थर सपाट आणि चकचकीत. लगेच कडक झाला तर खडबडीत आणि मंद. कॅरेज डावीकडून उजवीकडे जाताना मागचा, म्हणजे डावा दिवा थेंब पक्का करतो, येताना उजवा. एका दिव्याच्या काचेवर शाईची वाफ बसली असेल किंवा आतला एखादा एलईडी गट गेला असेल, तर जाता-येता पक्केपणा वेगळा.

तोच काळा आधी फक्त डावीकडून उजवीकडे, मग फक्त उजवीकडून डावीकडे, असा एकदिशा पद्धतीने काढा. दोन तुकड्यांची चमक वेगळी आली तर दिवेच. काच थंड झाल्यावर शाईवाल्याने सांगितलेल्या क्लीनरने पुसा. फरक राहिलाच तर जोरदार दिव्याची पॉवर पाच-पाच टक्क्यांनी उतरवून जुळवा. स्क्रीनवर दोन्हीकडे ७० टक्के लिहिलेलं असणं म्हणजे दोन्हीकडे तेवढाच प्रकाश पडणं नव्हे. यूव्ही मोजणारं मीटर सर्व्हिस इंजिनीअरकडे असलंच पाहिजे. बॅकलिटचं काम असेल तर वेग सोडून एकदिशेनेच छापावं, असं माझं स्पष्ट मत आहे, कारण मागून उजेड आला की लपलेला प्रत्येक पट्टा बाहेर येतो.

दिव्यांना थंड करणारा चिलर पावसाळ्यात उलटतो. गणपतीच्या मंडपांचे आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचे (चित्ररथांचे) बोर्ड नेमके दमट हवेत निघतात. शेडमध्ये ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर २६ अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. चिलर मे महिन्यातल्या सेटिंगवर, २० अंशांवर राहिला, की दिव्याच्या काचेवर धुकं, शाई अर्धी कच्ची, आणि चमकेचे पट्टे. पावसाळ्यात तो २८ च्या आसपास ठेवा.

उन्हाळ्यातली गोष्ट वेगळी. माळव्यातली मे महिन्यातली हवा कोरडी, सनपॅक (पन्हाळीचं पोकळ प्लास्टिक शीट) आणि अ‍ॅक्रिलिकवर स्टॅटिक तडतडतं. अ‍ॅक्रिलिकची फिल्म ओढली की हातावरचे केस उभे राहतात, इतकं. अशा शीटवर थेंबाचे बारीक तुषार भरकटतात, कडा केसाळ होतात, काही तुषार परत उडून प्लेटवर बसतात आणि तासाभरात नोझल वाकडे. आयोनायझर बारचे वेगळे पैसे मोजा, त्याच्या सुया महिन्याला ब्रशने साफ करा. २४ ते २६ अंश आणि ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता टिकेल असा एसी हवा. डेझर्ट कूलरने आर्द्रता वाढते खरी, पण त्याचा झोत मशीनकडे वळवलात तर धूळ आणि पाण्याचे कण दोन्ही कॅरेजखाली जातात.

हेड आणि माल यांतलं अंतर दीड ते दोन मिलिमीटर ठेवा. उन्हात ठेवलेला सनबोर्ड कडेला उचलतो आणि तेवढ्याच भागात पट्टे दिसतात. हिशोब बघा: थेंबाचा वेग सेकंदाला ६ मीटर, कॅरेजचा १ मीटर. अंतर १ मिलिमीटरने बदललं की थेंब एका दिशेला ०.१७ मिमी सरकतो, जाता-येता मिळून ०.३३. बाय-डायरेक्शनची जुळणी मालाची जाडी बदलली की पुन्हा करायची ती यामुळे. मिरर अ‍ॅक्रिलिकवर आणखी एक धोका: दिव्याचा प्रकाश परावर्तित होऊन नोझल प्लेटवरच शाई पक्की करतो. मालाच्या मोकळ्या जागी काळा मॅट कागद घाला, दिव्याची पॉवर उतरवा. खिडकीतून येणाऱ्या उन्हाचंही तेच.

विजेचं थोडक्यात. नोझल चेकमध्ये इकडेतिकडे विखुरलेले नोझल न जाता ठरावीक ओळी एका चालीने गायब असतील, तर ती केबल किंवा बोर्ड. वीज पूर्ण बंद करून, काही मिनिटं थांबून, दोन हेडांच्या चपट्या केबली अदलाबदल करा. दोष केबलीबरोबर सरकला का ते बघा. न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज २ च्या खाली हवा.

डेमोला रिकाम्या हाताने जाऊ नका. स्वतःचा सनबोर्ड, सनपॅक, अ‍ॅक्रिलिकचा तुकडा, बॅकलिट फ्लेक्सची दोन मीटर गुंडाळी आणि वर सांगितलेली चार पट्ट्यांची फाइल पेनड्राइव्हवर. फेदरिंग बंद करायला सांगा. तीच फाइल ४, ६ आणि ८ पासवर, मग १ मीटर भरीव काळा दोन्ही पद्धतींनी. तीन तास मशीन चालू ठेवून पुन्हा तीच फाइल, आणि दोन्ही तुकडे शेजारी ठेवा. विक्रेत्याच्या इंजिनीअरला विचारा, हा पट्टा किती मिलिमीटरवर आहे? त्याने खिशातून पट्टी काढली तर तो माणूस तुमच्या उपयोगाचा. त्याने थेट क्लीनिंगचं बटण दाबलं तर सर्व्हिसचा करार करताना दहादा विचार करा. हेडवरच्या स्टिकरवर त्याचा क्रमांक आणि व्होल्टेज छापलेला असतो, त्याचे फोटो डिलिव्हरीच्या दिवशी काढून ठेवा. हेड बदलल्यावर नवा व्होल्टेज सॉफ्टवेअरमध्ये घातला नाही तर नव्या हेडचा रंग गडद किंवा फिका पडतो, आणि त्याचा दोष पुन्हा शाईवर ढकलला जातो. हेडची वॉरंटी किती महिन्यांची, शाई बाहेरून घेतली तर ती राहते का, आयोनायझर आणि चिलर कुणाच्या जबाबदारीवर, हे बिलावर लिहून घ्या.